बारदान

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात
एकवीस वर्षं मी मिरचीचं वजन लिहितो.
संकेश्वरीचं पोतं उघडलं की चार गाळे शिंकतात,
माझी शिंक कधीच संपली.
म्हणून तोंड लाल झालं तेव्हा
वाटलं, धंद्याचा रंग चढला असेल.

लाल म्हणजे तसा लालही नाही.
माझ्या काळ्यासावळ्या गालावर
न घासलेल्या तांब्याचा रंग,
नाकावरून दोन्हीकडं उतरलेला.
आत मात्र चूल.
वर बारीक पुटकुळ्या, सत्तेचाळिसाव्या वर्षी.
"वयात आला काय परत?" मारुती माथाडी हसला.
ते बरं होतं.
बाकीचे हसले नाहीत, नुसते हुंगून गेले.
दिवाळीत शेठनं मिठाईचा पुडा हातात ठेवला
आणि कानाशी म्हणाला, "ढोबळे, थोडी कमी करा."
मी. ताकापुढं कधी न गेलेला माणूस.

कोपरखैरण्याच्या मेडिकलवाल्यानं
न विचारता एक ट्यूब दिली.
आठ दिवसांत असा उजळलो
की शालन म्हणाली, फोटो काढून घ्या.
चार महिने लावली.
संपली, त्या आठवड्यात
चेहरा असा पेटला
की भर मे महिन्यात मफलर गुंडाळून कामावर गेलो.

सानपाड्याच्या डॉक्टर बिंदू नायर
मराठी सावकाश बोलतात, मापाडी असल्यासारख्या.
त्यांनी काचेची पट्टी गालावर दाबली
आणि आरसा धरला.
काचेखाली रंग विझला.
उचलली, परत आला.
"हा डाग नाही. रक्त आहे, लगेच धावून येतं.
ती ट्यूब पुन्हा लावायची नाही."
मग नाव सांगितलं, रोझेशिया.
मी म्हणालो, बाईचं नाव वाटतं.
"असं समजा. ती आता घरातच राहणार.
भांडणं कमी करता येतील."
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का, विचारलं.
इतकी वर्षं ते मी
मिरचीच्या खात्यावर लिहीत आलो होतो.

मापाच्या वहीचं शेवटचं पान तिला दिलं.
मंगळवार. कढत चहा. पेटलं.
बुधवार. पाम बीचवर उन्हात स्कूटर. पेटलं.
गुरुवार. काहीच नाही. तरी पेटलं.
शुक्रवार. दिवसभर मिरची. शांत.
शनिवार. शेठनं हाक मारली. नुसती हाक.

हे शेवटचं वाचून
मी पेन खाली ठेवलं.

आता अंघोळ कोमट.
चहा बशीत, साय धरेपर्यंत.
उन्हाचं क्रीम लावताना प्रणाली आरशात मागं उभी राहते,
"पप्पा, कानाखाली राहिलं."
रात्रीचं मलम वेगळं, तांदळाएवढं,
आणि त्याचा फरक महिन्यांनी मोजायचा, दिवसांनी नाही.
हे मला कठीण जातं.
माझा काटा लगेच स्थिर होतो.

नवीन पोरांना मी शिकवतो,
पोतं तोललं की बारदान वजा करायचं.
बारदानाला कुणी भाव देत नाही
आणि बारदानावाचून मिरची गाळ्याबाहेर जात नाही.
परवा हे सांगता सांगता
मीच मध्ये थांबलो.
पोरगं म्हणालं, काका, पुढं?
पुढं काही नाही. लिही.

काल शेठ समोरून आला.
गाल तापायला लागला, मला कळलं,
पूर्वी फक्त त्याला कळायचं.
म्हणालो, "शेठ, हा आजार आहे. दारू नाही.
नाव सांगू?"
त्यानं नाव विचारलं नाही.
वहीवर सही केली,
माझ्या बशीकडं बघत.
चहावर साय धरली होती.